एका हरलेल्या डावाचे वाचन

बेंगळूरच्या दक्षिणेकडील जे. पी. नगर ही वसाहत जयप्रकाश नारायण यांच्या नावाने ओळखली जाते. अशा वसाहतींतून कन्नड, तमिळ, तेलुगू, मराठी बोलणारी कुटुंबे भिंतीला भिंत लावून राहतात आणि पटावरच्या एकाच खेळाला निरनिराळ्या घरांत निरनिराळा शब्द असतो. मराठी घरात जे बुद्धिबळ, तेच शेजारच्या कन्नड घरात चदुरंग. मात्र या दोन घरांतील हौशी खेळाडू समोरासमोर बसले आणि काळी मोहरी घेतलेल्याने राजाच्या बाजूचा घोडा बाहेर काढून, त्या घोड्याच्या मूळ घरापुढचे प्यादे एक घर सरकवले, की दोघांच्या तोंडी एकच नाव येते : 'किंग्ज इंडियन', नाहीतर 'ग्रुनफेल्ड'. पहिल्या नावात आपल्या देशाचा उल्लेख आहे आणि दुसऱ्यात एका ऑस्ट्रियन खेळाडूचा. दोन्ही नावे इंग्रजी पुस्तकांतून आलेली आहेत. ही चाल आपल्याच भूमीवर शतकभर आधी खेळली गेली होती, हे खेळणाऱ्याच्या मनात सहसा येत नाही. येण्याचे कारणही नसते. डावाच्या सुरुवातीचे नाव म्हणजे त्या सुरुवातीचा इतिहास, असे गृहीत धरण्याची आपल्याला सवय झालेली आहे. वाङ्मयप्रकारांच्या नावांबाबतही हीच सवय आपल्या समीक्षेत दिसते, पण तो विषय वेगळा.

'इंडियन डिफेन्स' हा शब्दप्रयोग इंग्रजीत १८८४ पासून आढळतो. जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टराबरोबर कलकत्त्यात खेळणाऱ्या एका बंगाली ब्राह्मणाच्या खेळण्याच्या पद्धतीवरून तो पडला, अशी त्याची उपपत्ती दिली जाते. पहिल्या महायुद्धानंतर युरोपात निम्झोविच, रेटी, तार्ताकोवर आदी खेळाडूंची नवी पिढी पुढे आली. पटाचा मध्य प्याद्यांनी व्यापण्याऐवजी तो दुरून, मोहऱ्यांच्या माऱ्याखाली ठेवावा, असे या पिढीचे म्हणणे होते. तिच्याबरोबर हे नाव सर्वतोमुखी झाले. निम्झो-इंडियन, क्वीन्स इंडियन, ओल्ड इंडियन अशी त्याची घराणी वाढत गेली. ज्याच्या खेळावरून नाव पडले त्या माणसाचे नाव मात्र कोणत्याच सुरुवातीला मिळाले नाही.

त्याचे नाव महेशचंद्र बंद्योपाध्याय. इंग्रजी छपाईत ते कधी 'मोहेशचंदर बॅनर्जी', कधी नुसतेच 'मोहिशुंदर' असे येते. कॉक्रेनची गोष्ट याच्या उलट आहे. तो १७९८ मध्ये जन्मला, १८२२ मध्ये त्याने बुद्धिबळावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला, वकिलीच्या व्यवसायासाठी तो कलकत्त्यात राहिला, रजेवर मायदेशी गेला असता १८४१ ते १८४३ या काळात लंडनमध्ये स्टाँटनसारख्या त्या काळच्या अग्रणी खेळाडूशी भरपूर डाव खेळला, पुन्हा कलकत्त्यास परतला आणि १८७८ मध्ये निवर्तला. 'चेस प्लेअर्स क्रॉनिकल' या इंग्रजी नियतकालिकास १८५० मध्ये कलकत्त्याहून गेलेल्या एका पत्रातून महेशचंद्राची पहिली ओळख होते. मुफसलात, म्हणजे शहराबाहेरच्या मुलखात, कधीही न हरलेला एक ब्राह्मण आहे, असे कॉक्रेनच्या कानी आले. तो मुद्दाम त्याला शोधत गेला. डाव झाले आणि ब्राह्मण हरला. पुढे कलकत्त्याच्या बुद्धिबळ मंडळाने या ब्राह्मणाला वेतन देऊन खेळण्यासाठी ठेवून घेतले. तेथे या दोघांनी शेकडो डाव खेळले आणि त्यांची टिपणे इंग्लंडात पोहोचली.

येथे 'हौशी' या शब्दापाशी थोडे थांबावे लागते. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी व्यवहारात हौशी म्हणजे सभ्य गृहस्थ. ज्याला खेळाचे पैसे मिळत नाहीत तो. या अर्थाने बॅरिस्टर कॉक्रेन हौशी ठरतो आणि वेतन घेणारा महेशचंद्र व्यावसायिक. पण आंतरराष्ट्रीय नियमांचे शिक्षण, ग्रंथांचा अभ्यास, अव्वल प्रतिस्पर्ध्यांचा सराव या दृष्टीने पाहिले तर चित्र नेमके उलटे होते. महेशचंद्राने युरोपीय नियम प्रौढ वयात, खेळता खेळता आत्मसात केले. त्याच्या डावांकडे पाहताना ही गोष्ट विसरून चालणार नाही, कारण तिच्या खुणा एकेका खेळीवर उमटलेल्या आहेत.

मे १८५५ मधील एक डाव वाचनासाठी घेऊ. पांढरी मोहरी कॉक्रेनकडे, काळी महेशचंद्राकडे. पांढऱ्याने वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकले. काळ्याने राजाच्या बाजूचा घोडा बाहेर काढला. पांढऱ्याने वजिराच्या बाजूच्या उंटापुढचे प्यादेही दोन घरे नेले. काळ्याने घोड्याच्या मूळ घरापुढचे प्यादे एक घर सरकवले. पांढऱ्याने वजिराच्या बाजूचा घोडा काढला आणि तिसऱ्या खेळीत काळ्याने वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे नेऊन थेट मध्यात उभे केले. चौथ्या खेळीत त्याचा उंट, सरकलेल्या प्याद्याने मोकळ्या केलेल्या घरात बसून, पटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणाऱ्या लांब तिरक्या पट्टीवर नजर ठेवू लागला. पाचव्या खेळीत किल्लेकोट.

या पाच खेळ्यांत दोन नियमसंहिता एकमेकींत मिसळल्या आहेत. देशी बुद्धिबळात प्रांतोप्रांती फरक असले तरी काही गोष्टी सर्वसाधारण होत्या. प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर चाले. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी शह लागण्यापूर्वी राजाला एकदा घोड्याची अडीच घरांची उडी घेता येई. शेवटच्या ओळीत पोहोचलेले प्यादे ज्या पट्टीत असेल त्या पट्टीचे मोहरे होई. प्याद्याने दिलेली मात, म्हणजे प्यादेमात, विशेष मानाची समजली जाई. प्यादे एकेकच घर चालू लागले की डावाची गती संथ होते. पहिल्या काही खेळ्यांत प्यादी एकमेकांना भिडत नाहीत. दोन्ही सैन्ये आपापल्या हद्दीत राहून व्यूह रचतात. उंटाला बाहेर काढायचे तर शेजारच्या प्याद्याने एक घर सरकून त्याला वाट देणे, ही तेथे अगदी स्वाभाविक चाल ठरते. महेशचंद्राची दुसरी खेळी या सवयीतून आलेली आहे. युरोपातील समकालीन जाणकारांना ती दुबळी, वेळ दवडणारी वाटली असती. ज्याच्या हाताला प्याद्याचे एकच घर ठाऊक होते त्याला ती दवडलेली वाटण्याचे कारण नव्हते.

पण तिसरी खेळी त्या सवयीतली नाही. वजिरापुढचे प्यादे एका झेपेत दोन घरे नेणे ही सवलत त्याला नव्या नियमांनी दिली होती आणि ती त्याने अशा ठिकाणी वापरली की आधीच्या देशी मांडणीला एकदम धार आली. मातृभाषेच्या वाक्यरचनेत परभाषेतील एखादाच शब्द यावा आणि वाक्याचा अर्थच पालटावा, तसे या खेळीचे आहे. नुसती देशी मांडणी बचावाची होती. नुसती युरोपीय झेप आततायी ठरली असती. दोन्ही एकत्र आल्यावर जे तयार झाले ते दोन्ही परंपरांत पूर्वी नव्हते. सहाव्या खेळीत पांढऱ्याने मधले प्यादे मारले, काळ्याच्या घोड्याने ते परत घेतले. सातव्या खेळीत काळ्याने घोड्याने घोडा मारून पांढऱ्याची प्यादी मध्याकडे ओढून घेतली. आठव्या खेळीत उंटापुढच्या प्याद्याने त्याच मध्यावर प्रहार केला. दहाव्या खेळीला दुसरा घोडा आला, अकराव्या खेळीला दुसरा उंट पांढऱ्याच्या राखणदार घोड्यावर जाऊन बसला. काळ्याचे प्रत्येक मोहरे पांढऱ्याच्या वजिरापुढच्या त्या एका प्याद्याकडे तोंड करून उभे आहे. प्रतिपक्षाला मध्य बांधू द्यावा आणि मग त्याच मध्याचे ओझे त्याच्यावर लादावे, हा विचार आज सुरुवातींच्या कोणत्याही पुस्तकात सापडेल. १८५५ मध्ये तो पुस्तकात नव्हता.

येथे एक प्रश्न उभा राहतो. अशा मांडण्या देशभर घरोघरी, ओटी-ओसरीवर मांडल्या जात असतील, तर त्यांतील एकीचीही देशी नोंद आपल्यापाशी का नसावी? बुद्धिबळाविषयी लिहिण्याची परंपरा आपल्याकडे दुबळी नव्हती. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराचा 'मानसोल्लास' हा बाराव्या शतकातील ग्रंथ मराठीच्या अभ्यासकांना त्यातील प्राचीन मराठी पदरचनेमुळे परिचित आहे. त्यात राजाच्या विनोदांमध्ये या खेळाचे वर्णन येते. पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टाचा 'भगवंतभास्कर' हा सतराव्या शतकातील ग्रंथ. त्याचा 'व्यवहारमयूख' पश्चिम भारतातील न्यायालयांत प्रमाण मानला गेला, म्हणून वकिलांना माहीत. परंतु त्याच ग्रंथाच्या 'नीतिमयूखा'त बुद्धिबलक्रीडेवर एक प्रकरण आहे. कोपऱ्यात हत्ती, त्याशेजारी घोडा, मग उंट, ही आजही मराठी घरांत चालणारी नावे आणि हीच मांडणी तेथे दिसते. घोड्याने पटावरील चौसष्ट घरे प्रत्येकी एकदाच घेत केलेली फेरीही तेथे श्लोकबद्ध केलेली आहे. त्यानंतर त्रिवेंगडाचार्य शास्त्रींची 'विलासमणिमंजरी'. या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८१४ मध्ये मुंबईत छापले गेले, तेव्हा पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता. ही पटावरील आणीबाणीच्या स्थितींची माला आहे आणि ती युरोपीय पद्धतीला जुळवून घेतली आहे, असे त्या भाषांतराच्या मुखपृष्ठावरच म्हटले आहे.

या ग्रंथांत खेळाचे नियम आहेत, घोड्याच्या फेऱ्या आहेत, अमुक इतक्या खेळ्यांत मात करण्याचे कूट आहेत. पहिल्या खेळीपासून शेवटच्या खेळीपर्यंत लिहून ठेवलेला दोन माणसांचा डाव मात्र या परंपरेला नकोसा होता. महेशचंद्राचा समकालीन असलेला म्हैसूरचा राजा तिसरा कृष्णराज वोडेयर हाही पटाचा मोठा शौकीन. त्याच्या नावाशी जोडलेल्या आहेत त्याही घोड्याच्या फेऱ्याच. आपल्या परंपरेने पटावरील जे जपले ते सुभाषितासारखे होते : संदर्भापासून सुटे, कर्त्यापासून सुटे, पाठ करता येण्याजोगे. डावाच्या सुरुवातीला असा सुटेपणा नसतो. ती कोणीतरी, कोणाविरुद्ध, विशिष्ट दिवशी खेळलेली असते आणि तिचा अर्थ पुढे वीस खेळ्यांनी उलगडतो. आख्यानापेक्षा रोजनिशीशी तिचे नाते जवळचे आहे. रोजनिशीची सवय ज्या समाजात रुजली होती त्या समाजातल्या माणसाने टिपणे केली म्हणून महेशचंद्राच्या खेळ्या राहिल्या. हे मान्य करण्यात कमीपणा नाही. पण टिपणे करणारा आणि जिंकणारा बहुधा एकच होता, हेही त्याबरोबर ध्यानात ठेवले पाहिजे.

महाराष्ट्रातील खेळाची पुढची वाटचाल येथे फार लांबवण्याचे कारण नाही. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ मध्ये नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापन केले आणि आंतरराष्ट्रीय नियम, लिहिलेले डाव, स्पर्धा ही शिस्त तेथे रुजवली. १९५५ मध्ये एलुरू येथे झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत रामचंद्र सप्रे संयुक्त विजेते ठरले. स्त्रियांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ मध्ये बेंगळूर येथे झाली. ती वासंती खाडिलकर यांनी जिंकली. या पिढ्यांच्या वह्यांतून डाव पूर्ण लिहिले जाऊ लागले आणि त्या वह्यांत ज्या सुरुवाती आल्या त्यांना 'इंडियन' हे नाव आधीच चिकटलेले होते.

पुन्हा कलकत्त्याच्या पटाकडे वळू. बाराव्या खेळीपर्यंत काळ्याच्या डावात आजच्या अभ्यासकालाही खोट काढण्याजोगे फारसे सापडत नाही. तेराव्या खेळीला पांढऱ्याने आपला उंट पटाच्या कडेला आणला. तेथून त्याची नजर काळ्याच्या राजापुढील प्याद्यावर पडली. काळ्याने वजीर कडेला काढून त्या उंटाला धाक घातला. चौदाव्या खेळीला पांढऱ्याचा वजीर बाजूस सरकून दुसऱ्या तिरक्या पट्टीवर आला. तिच्या दूरच्या टोकाला काळ्या राजाचे घर आणि त्याच्या अलीकडे उंटापुढचे प्यादे. काळ्याने उत्तरादाखल राजाशेजारचा हत्ती एक घर सरकवून राजापुढील प्याद्यामागे उभा केला. डाव येथे हरला. दिसायला खेळी समंजस आहे, कारण उंटाच्या नजरेखालच्या प्याद्याला तिने आधार दिला. परंतु उंटापुढच्या प्याद्याचा राखणदार होता तोच हत्ती. तो हलल्यावर ते प्यादे एकट्या राजाच्या भरवशावर राहिले. हल्ला दिसत होता तेथे पहारा वाढवला गेला आणि दिसत नव्हता तेथला पहारा उठला.

त्यानंतरचे अवघ्या चार खेळ्यांत घडले. कॉक्रेनने हत्तीने काळ्या वजिराला दोनदा हुसकावले; वजीर आपल्या मूळ घरी परतला तेव्हा पांढऱ्याच्या पदरात फुकटच्या खेळ्या पडल्या होत्या. सतराव्या खेळीत पांढऱ्याचा घोडा पुढे झेपावला. काळ्याने समोरचा उंट मारला. अठराव्या खेळीत घोड्याने उंटापुढचे ते प्यादे उचलले आणि काळ्या वजिरावरच रोख धरला. राजाला तो घोडा मारता येत नव्हता, कारण त्याच्यामागे तिरक्या पट्टीवर वजीर होता. महेशचंद्राने घोडा कडेला टाकून पांढऱ्या वजिरावर हल्ला केला. तू माझा वजीर घेतलास तर मी तुझा घेईन, असा त्याचा अर्थ. समान शस्त्राने समान उत्तर देण्याचा हा न्याय कागदावर निर्दोष आहे. पण प्रतिपक्ष वजिराच्या मागे नव्हताच.

अठराव्या खेळीवर ज्या पद्धतीने हा डाव संपतो ती पद्धत युरोपात 'फिलिदोरचा वारसा' म्हणून ओळखली जाते आणि १४९७ मध्ये छापलेल्या लुसेनाच्या स्पॅनिश पुस्तकातही आढळते. वजिराचे बलिदान, कोंडलेला राजा आणि घोड्याने दिलेली मात. 'विलासमणिमंजरी'च्या वाचकाला हा शेवट आपल्याच घरचा वाटला असता. भावी काळातील मांडणी देशी माणसाच्या हातून झाली आणि जुन्या पोथीत शोभावा असा शेवट इंग्रजी बॅरिस्टराने साधला, ही या डावातली खरी अदलाबदल आहे. पौर्वात्य म्हणजे चमत्कृती आणि पाश्चात्त्य म्हणजे व्यूहविचार, ही सोयीची विभागणी निदान या पटावर टिकत नाही.

१९२२ मध्ये व्हिएन्ना येथे एर्न्स्ट ग्रुनफेल्ड याने हीच तिसरी खेळी करून, पुढे जगज्जेता झालेल्या अलेखीनला हरवले आणि सुरुवातीला त्याचे नाव मिळाले. १९५६ मध्ये न्यू यॉर्कला तेरा वर्षांच्या बॉबी फिशरने डोनाल्ड बर्नविरुद्ध जो विख्यात डाव जिंकला तोही याच घराण्यातला. सोफिया येथे २०१० मध्ये जगज्जेतेपदाच्या लढतीचा पहिला डाव खेळताना विश्वनाथन आनंदने काळ्या मोहऱ्यांनी ग्रुनफेल्डच निवडला. राजाची एक खेळी चुकली, तोपालोवने घोड्याचे बलिदान दिले आणि तिसाव्या खेळीला डाव संपला. आनंदने ती लढत पुढे साडेसहा विरुद्ध साडेपाच गुणांनी जिंकली. त्या पहिल्या डावाची टीका जगभर लिहिली गेली. तिसऱ्या खेळीपाशी कोणी कलकत्त्याचे नाव घेतले असेल तर ते तळटीपेतच. नावे अशीच पडतात. जो जिंकतो किंवा जो छापतो त्याच्याकडे ती जातात, आणि ग्रुनफेल्डने ही सुरुवात स्वतंत्रपणे विचारपूर्वक घडवली होती, हेही तितकेच खरे असल्याने येथे कोणावर अन्यायाचा आरोप ठेवता येत नाही. कॉक्रेनचे नाव मात्र दुसऱ्याच एका सुरुवातीत राहिले : प्रतिपक्षाच्या राजाजवळचे प्यादे चौथ्याच खेळीत घोडा देऊन उचलण्याची त्याची धाडसी चाल 'कॉक्रेन गँबिट' म्हणून ओळखली जाते. १८४८ मध्ये ती त्याने खेळली होती महेशचंद्राविरुद्धच.

१८५५ च्या डावाची नोंद काळ्याच्या अठराव्या खेळीवर थांबते. पुढे एवढेच लिहिलेले आहे की पांढरा तीन खेळ्यांत मात करतो. त्या तीन खेळ्या पटावर झाल्या की नाहीत, की महेशचंद्राने पट पाहून आपणहोऊन राजा आडवा केला, ते वाचणाऱ्याला आपल्या पटावर मोहरी लावूनच ठरवावे लागते. घोडा उचलून पटाच्या कडेपाशी ठेवावा. एकाच वेळी घोड्याचा आणि वजिराचा शह बसतो. राजा कोपऱ्यात जातो. वजीर राजाच्या शेजारच्या घरात जाऊन शह देतो; त्याला हत्तीनेच मारावे लागते, कारण राजाच्या हातून ते घोड्यामुळे होत नाही. आता राजाच्या एका बाजूला त्याचा हत्ती, समोर त्याचे प्यादे आणि तिरक्या घरात, जो चौथ्या खेळीपासून तेथेच उभा आहे, तो त्याचा उंट. घोडा परत उंटापुढच्या प्याद्याच्या घरात येतो.